माळ्यावर राहिलेलं प्रकरण

माझं पहिलं पुस्तक आम्ही घरीच काढलं, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आमच्या घरात छापखाना असावा. तसं काही नव्हतं. मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला एक लहानसा छापखाना होता. तिथे लग्नपत्रिका, दुकानांच्या पावत्या आणि गावात आलेल्या नाटक मंडळीच्या जाहिराती छापत. पुस्तक तिथेच छापलं. ‘घरी’ म्हणायचं ते एवढ्यासाठी की पुस्तकावर प्रकाशक म्हणून माझ्या यजमानांचं नाव होतं आणि मिळण्याचं ठिकाण म्हणून आमच्या घराचा पत्ता. त्या पत्त्याची मला पुढे इतकी लाज वाटली की पोस्टमन गल्लीत दिसला तरी मी दारातून आत जाई.

माझं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, बार्शीला. लग्न होऊन सोलापूरला आले. हे हायस्कुलात मराठी शिकवत. घरात पुस्तकं येत, मासिकं येत, आणि दुपारी गिरणीचा भोंगा होऊन गल्ली शांत झाली की मी वाचत बसे. वाचता वाचता लिहायला कधी लागले ते मलाही नीट आठवत नाही. ह्यांना कळलं तेव्हा अर्धी कादंबरी लिहून झाली होती. हे रागावले नाहीत. शुद्धलेखन तपासून दिलं आणि म्हणाले, “पुढं काय होतं?” एवढंच विचारलं, म्हणून ती पुरी झाली.

गोष्ट साधी होती. वैरागची एक मुलगी लग्न होऊन सोलापूरला येते आणि वर्षाच्या आत माहेरी परत जाते. का परत आलीस असं तिला कोणी विचारत नाही. आई विचारत नाही, भाऊ विचारत नाही, शेजारणी तर मुळीच नाही. सगळे तिच्याशी फार मायेनं वागतात आणि विषय टाळतात. एका संध्याकाळी लहानपणच्या मैत्रिणीला ती सासरी काय झालं ते सांगते. ते एक प्रकरण लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. ते सगळं माझं नव्हतं. पण ऐकलेलं होतं, पाहिलेलं होतं, आणि थोडं कल्पनेनं भरलेलं होतं.

पुण्याचे एक प्रकाशक दरवर्षी परीक्षांच्या सुमारास शाळांतून क्रमिक पुस्तकांचे नमुने दाखवायला सोलापूरला येत. ह्यांची त्यांची ओळख होती. ह्यांनी मला न सांगता हस्तलिखित त्यांच्याकडे पाठवून दिलं होतं. पुढच्या खेपेला ते आमच्या घरी आले. अंगात बंद गळ्याचा कोट, हातात छत्री, गोरा थकलेला चेहरा. सोप्यावर बैठक घातली होती तिथे बसले. मी आत चुलीपाशी होते. दाराला पडदा होता, पण ऐकू सगळं येत होतं.

“मास्तर, एक विचारतो, राग मानू नका,” ते म्हणाले. “हे खरंच घरातून लिहिलंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा हात त्यात किती आहे? पुष्कळ ठिकाणी नवरा लिहितो आणि बायकोचं नाव घालतो. हल्ली बायकांच्या नावाला मागणी आहे. माझी हरकत नाही. फक्त मला ठाऊक असावं.”

हे हसले. “मी काना-मात्रा तेवढ्या पाहिल्या. तिलाच विचारा की.”

मला बाहेर बोलावलं. मी पदर सारखा करून उंबऱ्याशी उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघूनच बोलत होते. म्हणाले, “बाईंना म्हणावं, चार ओळी लिहून दाखवाव्यात. काहीही. आत्ता समोर जे दिसतंय त्यावर.”

ह्यांनाही ते आवडलं नसावं, पण त्यांनीच उठून मला कागद आणि टाक दिला. मी खाली बसले आणि लिहिलं. दाराशी दोन जोडे होते, एक धुळीनं भरलेला, पाहुण्याचा, आणि एक शिवून शिवून वापरलेला, घरच्या माणसाचा. त्या दोन जोड्यांबद्दल लिहिलं. चहा होईपर्यंत लिहून झालं. त्यांनी कागद घेतला, वाचला, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “हात तोच आहे.”

बाजारात जनावर घेताना दात बघतात तसं मला झालं. पण त्या वेळी ‘मी लिहिणार नाही’ म्हणावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. उलट लिहिताना मी अक्षर चांगलं यावं म्हणून जपत होते.

मग त्यांनी सांगितलं, की पुस्तक ते काढतील. त्यांच्या मालेत घालतील, मासिकात जाहिरात येईल, नागपूर, बडोदा, इंदूर सगळीकडे त्यांचे विक्रेते आहेत. अट एकच. ते संध्याकाळचं प्रकरण काढायचं.

“घरंदाज बायकांच्या हातात पुस्तक जायचंय,” ते म्हणाले. “मुलींच्या शाळांच्या लायब्रऱ्या घेणार. ते प्रकरण असलं तर एकही शाळा घेणार नाही. मुलगी परत आली, दुःखी आहे, एवढं पुरे. वाचणाऱ्याला काय ते कळतं.”

ते गेल्यावर हे आत आले. मग म्हणाले, “एक प्रकरण तर आहे.”

“हो.”

“तुला काय वाटतं?”

मला नको वाटतं, असं मी सांगितलं. लोकांना पुढे वाटलं की मी तत्त्वाला धरून राहिले. खरं सांगायचं तर तसं नव्हतं. प्रकरण काढलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला त्या चार ओळी खुपत होत्या. ज्या माणसापुढे मी परीक्षेला बसल्यासारखी लिहायला बसले, त्याच्याकडे माझं पुस्तक जावं आणि मग त्याच्या नजरेला पुन्हा पुन्हा नजर द्यावी लागावी, हे मला सोसवत नव्हतं. ह्यांना मी एवढं काही बोलले नाही. नुसतं “नको” म्हटलं.

“मग आपणच काढू,” हे म्हणाले. “त्यात काय आहे? छापखाना गावात आहे, कागद बाजारात आहे.”

पावसाळ्यात छपाई सुरू झाली. छापखान्यात बायका जात नसत, म्हणून प्रुफं हेच घेऊन येत आणि हेच परत नेत. मी एकेक ओळ तपासली. त्या प्रकरणाची प्रुफं तपासताना तर मी स्वयंपाकघराचं दार लावून बसले. त्या वर्षी छापखान्याचं छप्पर गळत होतं. छापलेले कागद भिजू नयेत म्हणून मालकांनी गठ्ठे कधी खाली, कधी माळ्यावर हलवले, असं हे येऊन सांगत. मी ऐकून सोडून देई.

दिवाळीच्या आधी पुस्तक तयार होऊन टांग्यातून घरी आलं. सुतळीनं बांधलेले गठ्ठे सोप्यावर रचले. ह्यांनी एक पुस्तक सोडवून माझ्या हातात दिलं. मी वेष्टन पाहिलं, नाव पाहिलं आणि बंद करून ठेवलं. उघडून वाचणं मला झालंच नाही. छापलेलं स्वतःचं नाव पाहताना अंगावरचा पदर सरकल्यासारखं वाटे. हस्तलिखितात वाचलं, प्रुफात वाचलं, आता आणखी काय वाचायचं, असं मनाशी म्हटलं. ह्यांचंही तेच. त्यांना तर पाठ झालं होतं.

पुढचे दिवस विक्रीचे. ते मी आयुष्यात विसरणार नाही. टिळक चौकातल्या पुस्तकवाल्यानं काही प्रती ठेवून घेतल्या आणि पंचांगांच्या मागे लावल्या. बाकीच्या हे स्वतः घेऊन हिंडत. शाळेत जाताना पिशवीत चार, येताना चार. ज्यांच्या मुलांना हे शिकवत, त्यांच्या घरी जाताना आधी पोराचं कौतुक करत आणि मग पिशवीत हात घालत. शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणालं, “आम्ही बायकोला पाटल्या करतो, मास्तरांनी पुस्तक करून दिलं.” हे घरी येऊन हसत हसत सांगत होते. मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही.

मी कधी म्हटलं नाही की तुम्ही असं हिंडू नका. कारण मग प्रती कोणी खपवायच्या? मी? ज्या माणसाला मी नकार दिला होता त्याच्या विक्रेत्यांनी हेच काम केलं असतं, पण ते मला दिसलं नसतं. हे मला रोज दिसत होतं. टोपी घामानं भिजलेली, पिशवी खांद्यावर, आणि चेहरा मात्र जिंकून आल्यासारखा.

संक्रांतीला सासूबाईंनी सुचवलं की हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तकच द्या, घरात एवढी पडली आहेत. दिली. तिळगूळ, हलवा आणि त्यावर माझं पुस्तक. बायका संकोचून घेत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही कपाळाला लावून घेतलं. त्या वेळी मला वाटलं होतं की याहून लाजेची गोष्ट आता होणार नाही.

मग स्तुती यायला लागली. वकिलांच्या पत्नी देवळात भेटल्या आणि म्हणाल्या, “शेवट वाचून मला रडू आलं.” मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “भाषा फार शुद्ध आहे, प्रसंग अगदी डोळ्यांसमोर उभे राहतात.” गावच्या साप्ताहिकात अभिप्राय आला, ‘सर्व भगिनींनी अवश्य वाचावे.’ त्या अवघड प्रकरणाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. ना निंदा, ना स्तुती. मी मनात म्हटलं, बघा, त्या पुण्याच्या गृहस्थांची भीती खोटी ठरली. लोकांनी ते पचवलं. थोडा गर्वसुद्धा झाला मला.

परीक्षांच्या दिवसांत प्रकाशक पुन्हा आले. ऊन इतकं होतं की सोप्यावर ओलं पोतं टाकलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तेव्हा या वेळी ते सरळ माझ्याशी बोलले.

“बाई, पुस्तक मागवून वाचलं मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तुम्ही माझं ऐकलंत, मला फार बरं वाटलं.”

मला काही कळलं नाही.

“फक्त एक सांगतो,” ते पुढे म्हणाले. “गावातल्या छापखान्यानं घात केला. प्रकरण काढलं तर पृष्ठांक बदलायला नकोत? एकशे बारावरून एकदम एकशे एकोणतीस. वाक्यसुद्धा मधेच तुटलंय. आमच्याकडे असतं तर सांधा कुठे आहे ते कळलं नसतं. पण पुस्तक मात्र वाचवलंत.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. चहा ठेवते म्हणून मी आत गेले. आतल्या खोलीत गठ्ठा होता. त्यातलं वरचं पुस्तक काढलं आणि छापून आल्यावर पहिल्यांदाच उघडलं. एकशे बाराव्या पानाची शेवटची ओळ होती, ‘ती म्हणाली, तुला सांगते, पण’. पुढचं पान एकशे एकोणतीस. त्याची पहिली ओळ होती, ‘आणि दोघी उठल्या. दिवेलागण झाली होती.’

दुसरं पुस्तक काढलं. तसंच. तिसरं तसंच. मी सुतळी तोडून खालची काढली, मधली काढली. सगळी तशीच. ज्या प्रकरणासाठी पुण्याला नकार दिला होता ते एकाही प्रतीत नव्हतं. चुलीवर चहा उतू गेला होता, त्याचा वास आला तेव्हा मी उठले.

चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा ते ह्यांना सांगत होते की आहे या स्वरूपात दुसरी आवृत्ती ते आनंदानं काढतील, सांधा तेवढा नीट बसवून. “बाईंना काय वाटतं?” त्यांनी मला विचारलं.

छापखान्याची चूक आहे, मी तुमचं ऐकलेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडून “बरं” एवढंच आलं. त्यांना तो माझा विनय वाटला. निघताना त्यांनी मला नमस्कार केला. पहिल्या खेपेला केला नव्हता.

ते गल्लीच्या वळणापर्यंत गेले असतील, तोवर हे म्हणाले, “तू सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत?”

हे खाली बसले. मग म्हणाले, “एवढ्या लोकांकडे पुस्तक गेलं. कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“लक्षात यायला वाचावं लागतं,” मी म्हटलं. आणि बोलल्यावर मला कळलं की मी स्वतःही उघडून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर छापखान्यात गेले. तिथे गेलेली मी पहिलीच बाई असेन. अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार उभे राहिले. मालक वयस्क होते, अक्कलकोटकडचे, मराठी बोलताना मधेच कानडी शब्द येई. ह्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी पानं मागे-पुढे केली, टोपी काढून ठेवली आणि काही न बोलता स्वतः शिडीवरून माळ्यावर चढले. वरून त्यांचा आवाज आला, “हाय, हितंच हाय.” सोळा पानांचा तो एक फॉर्म छापून, वाळवून, गोणपाटाखाली नीट ठेवलेला होता. पावसातून वाचवायला वर नेला आणि बांधणीला देताना खाली आणायचा राहिला.

खाली आल्यावर ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. “बाई, मला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाय.”

मला रागावता येईना. मी म्हटलं, “चूक कोणाचीही होते.” त्यांनी सगळे कागद घडी घालून, शिवून, सोळा पानांच्या पातळ वह्यांसारखे बांधून दिले. घरी असलेल्या प्रतींत ती पानं घालूनही दिली.

हे म्हणाले, “गेलेल्या प्रती गेल्या. घरातल्या आता नीट आहेत. कोणाला काही कळलेलं नाही, तर कशाला सांगायचं?” त्यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण ते प्रकरण माळ्यावरून खाली येताना मी पाहिलं होतं. मी ती पानं पिशवीत घातली आणि दुपारी घरोघर निघाले. ह्यांना मी इतके महिने पिशवी घेऊन हिंडायला लावलं होतं. आता माझी पाळी होती.

मुख्याध्यापिकांनी काचेच्या कपाटातून पुस्तक काढलं. ज्या कागदात ह्यांनी बांधून दिलं होतं तो कागद अजून त्यावर होता. त्यांनी तो माझ्यासमोर सोडवला, आणि त्या वेळी त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. “मला वाटलंच होतं काहीतरी,” त्या म्हणाल्या. वकिलांच्या पत्नींनी सांगितलं की पुस्तक पंढरपूरला बहिणीकडे गेलं आहे, खरं तर रडू तिलाच आलं होतं. एका घरी पुस्तक लवकर सापडेना. सापडलं ते देवघरात, पोथ्यांच्या खाली. एका घरी पोरांनी त्याच्या कोऱ्या पानावर हत्ती काढला होता.

मला वाटलं होतं की मला लाज वाटेल. ती वाटतच होती. पण त्यांनाही वाटत होती, आणि ते जास्त कठीण होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता चहा पीत असू. मग मीच एक युक्ती काढली. दारातच म्हणायचं, “छापखान्यानं घोटाळा केला, तुमच्या लक्षात आलंच असेल, संकोचानं बोलला नाहीत.” त्या लगेच “हो, हो” म्हणत. अशानं त्यांची सुटका होई आणि माझीही. पण प्रत्येक ‘हो’ ऐकताना मला आणखी लहान झाल्यासारखं वाटे.

सगळ्यात शेवटी मी आमच्याच गल्लीच्या टोकाला गेले. तिथे धान्याचे एक आडते राहत. त्यांची थोरली मुलगी बरीच वर्षं माहेरीच होती. सासरी का जात नाही हे गल्लीत कोणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नव्हतं. तिलाही संक्रांतीचं पुस्तक गेलं होतं, पण तिला वाचता येतं की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, लक्षात आलंच असेल म्हणून.

“व्हय, आलं की,” ती म्हणाली. “येकशेबारा पानावर.”

मी पिशवी खाली ठेवली.

“मी हळू वाचते. बोट ठिवून,” ती म्हणाली. “तितं आले आनि पुडं काय न्हाय. मला वाटलं, तुमी मुद्दाम सोडलं. ती म्हनती की, तुला सांगते, पन. आनि मग दोगी उठत्यात. म्हटलं, बरोबर हाय. तोंडावर आलं आसंल आनि सांगता आलं नसंल. मला ते लई आवडलं.”

मी सुपाशेजारी बसले. पिशवीतून पानं काढून तिच्यापुढे ठेवली. “सोडलेलं नव्हतं. हे राहिलं होतं,” म्हटलं.

तिनं हात पदराला पुसले, पानं घेतली, पण उघडली नाहीत. “वाचते सवडीनं,” म्हणाली.

चार-आठ दिवसांनी ती आमच्याकडे आली. मी एकटीच होते. पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोलली, आणि उठता उठता म्हणाली, “वाचलं ते. चांगलं हाय.”

“खरं सांगा.”

तिनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “आसंच आसतंय. पन तुमी सोपं करून लिवलंय. रागावू नका हां.”

मी रागावले नाही. पुढे काही विचारलंही नाही. विचारायला हवं होतं, असं आज वाटतं. ती कदाचित सांगणारही होती. पण माझ्या गोष्टीतली सगळी माणसं जसं करतात तसंच मी केलं, चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली. ती गेल्यावर मी ते प्रकरण काढून वाचलं. ज्याच्यासाठी मी पुण्याला नाही म्हटलं, ह्यांना दारोदार हिंडवलं, त्यातलं प्रत्येक वाक्य कोणाला खुपू नये अशा बेतानं लिहिलेलं होतं. प्रकाशकांना जे धाडसाचं वाटलं ते तिला सोपं वाटलं होतं.

पुढच्या खेपेला प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचं ठरवायला आले तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ह्यांच्या देखत, उभ्यानं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“म्हणजे तुम्ही नाही, छापखान्यानं माझं ऐकलं,” ते म्हणाले. मग गंभीर झाले. “माझा शब्द मात्र कायम आहे, बाई. प्रकरणाशिवाय मी काढीन. प्रकरणासकट नाही.”

“त्या पुस्तकाचं राहू द्या,” मी म्हटलं. “माझ्याकडे मुलांच्या गोष्टी आहेत. त्या बघता का?”

हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं होतं की या वेळी मी ठासून काहीतरी बोलेन. मलाही तसंच वाटलं होतं. पण मला पुन्हा ती पिशवी नको होती. ह्यांची टोपी घामानं भिजलेली नको होती. देवळात कोणी भेटलं की त्यांनी वाचलं असेल का, या विचारानं रस्ता बदलणं नको होतं.

गोष्टी त्यांनी घेतल्या. एक शब्द बदलला नाही, कारण बदलण्यासारखं त्यात काही नव्हतं. कागद चांगला, चित्रं चांगली, पृष्ठांक बिनचूक. शाळांनी घेतल्या. नागपूरहून, बडोद्याहून मुलांची पत्रं आली. गावातही मग लोक मला लेखिका म्हणायला लागले, आणि मुलींच्या शाळेत माझा सत्कार झाला. आज माझं नाव कोणाला ठाऊक असलं तर ते त्या गोष्टींमुळेच. पहिल्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती, पुरं प्रकरण असलेल्या, आम्ही कोणी मागितल्या तर देत असू. फार कोणी मागितल्या नाहीत.

गोष्टींचं पुस्तक आलं त्याच आठवड्यात आडत्यांची मुलगी घरी आली. तिनं ते हातात घेतलं, चित्रं बघितली, ससा आणि हरीण असलेल्या पानावर थोडी थांबली.

“हे पोरांचं हाय व्हय,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं हाय.” तिनं पुस्तक जपून खाली ठेवलं. “आनि ते दुसरं? नीट करून लिवनार हाय का?”

“लिहितेय,” मी म्हटलं.

ती समाधानानं मान हलवून गेली. मी लिहीत नव्हते.